जिम्नॅस्टिक्सचा नवा परीक्षक घडवताना

जिल्हा स्पर्धा आठवड्यावर आली की संघटनेच्या सचिवांची फोनाफोनी सुरू होते. बीमवर एक परीक्षक कमी आहे, व्हॉल्टवर तर अजून कुणीच ठरलेलं नाही. मग दोन वर्षांपूर्वीपर्यंत खेळणारी, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली एखादी मुलगी आठवते. तिने परीक्षकांची परीक्षा दिलेली असते, चांगल्या गुणांनी पासही झालेली असते. रविवारी सकाळी ती निळा कोट घालून हजर होते. तिच्या हातात स्कोअर शीटचा गठ्ठा ठेवला जातो आणि सांगितलं जातं, "तू फक्त ई बघ, सोपं असतं." संध्याकाळपर्यंत तिने डझनावारी मुलींचे गुण कापलेले असतात, एका प्रशिक्षकाचं बोलणं ऐकून घेतलेलं असतं, आणि पुढच्या वेळी फोन आला तर कोणतं कारण सांगायचं हेही ठरवलेलं असतं.

आपल्याकडे परीक्षकांचा तुटवडा असतो तो असा. परीक्षा देणारे पुरेसे आहेत, पण पहिल्या दोन-तीन स्पर्धांनंतर टिकणारे थोडे. म्हणून हा लेख त्या मुलीसाठी नाही, तिला बोलावणाऱ्यांसाठी आहे: ज्येष्ठ परीक्षक, प्रशिक्षक आणि जिल्हा संघटनांचे पदाधिकारी. माझं म्हणणं एकच आहे. नुसत्या परीक्षेने परीक्षक तयार होत नाही. जाणत्या परीक्षकाच्या शेजारी बसून, त्याच रूटीनचे गुण स्वतः लिहून आणि मग कापलेल्या प्रत्येक दशांशाचं कारण सांगून तो तयार होतो. हे शेजारी बसणं आज ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आणि सवडीवर चालतं. ते नेमाने व्हायला हवं.

यात किती काय पणाला लागलेलं असतं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. शालेय स्पर्धांच्या जिल्हा, विभाग आणि राज्य या पायऱ्यांवरून मिळालेल्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अवलंबून असतात. पुढे शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचाही विचार पालकांच्या मनात असतो. विभागाला पहिले काही जणच जातात. त्या यादीतल्या शेवटच्या नावात आणि यादीबाहेरच्या पहिल्या नावात बऱ्याचदा ०.०५ किंवा ०.१० चा फरक असतो, आणि तो फरक त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या माणसांच्या नजरेतून आलेला असतो.

अगदी वरच्या पातळीवर हेच कसं घडतं ते पाहा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली, १५.०६६ गुणांनी. कांस्यपदक जिंकणाऱ्या ज्युलिया श्टाइनग्रुबरचे गुण होते १५.२१६. फरक ०.१५०. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन उड्यांची सरासरी धरतात. म्हणजे एका उडीत ०.३० चा एक कट पूर्ण पॅनेलने धरला की अंतिम गुणांत बरोबर ०.१५ चा फरक पडतो. दीपावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. नव्या परीक्षकाला पहिल्याच दिवशी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावं, एवढ्यासाठी हे उदाहरण दिलं. ०.३० लिहिताना आपल्या हातून काय होतं आहे, हे त्याला कळलेलं असावं.

पुस्तक कसं उघडावं

कोड ऑफ पॉइंट्स हे जाडजूड पुस्तक आहे आणि ते पहिल्या पानापासून वाचायला सांगणं ही नवख्याला घाबरवण्याची खात्रीची रीत. आधी गुणांची मांडणी सांगा. डी म्हणजे रूटीनची अवघडता, ई म्हणजे ती किती स्वच्छ झाली. डी शून्यापासून वर चढतो, ई १०.०० पासून खाली उतरतो. दोन्हींची बेरीज करायची आणि रेषेबाहेर पाय, जास्तीचा वेळ अशा गोष्टींचा दंड त्यातून वजा करायचा. ई चे गुण अनेक परीक्षक स्वतंत्रपणे देतात, त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण सोडून उरलेल्यांची सरासरी धरतात. समजा चौघांनी ८.१, ८.३, ८.४ आणि ८.९ दिले, तर ई होतो ८.३५. डी ३.२ असेल आणि एक पाय रेषेबाहेर गेल्याचा ०.१० दंड असेल, तर अंतिम गुण ११.४५. असं एक गणित त्याच्या हाताने करून घेतलं की अर्धी भीती जाते.

कटांच्या पायऱ्या चारच आहेत: लहान चूक ०.१०, मध्यम ०.३०, मोठी ०.५० आणि पडल्यास १.००. त्या पाठ व्हायला एक दिवस लागतो. समोरच्या दीड सेकंदात काय घडलं आणि ते यातल्या कुठल्या पायरीवर बसतं, हे ओळखायला मात्र कित्येक महिने जातात. आपले अभ्यासक्रम पहिल्या भागावर दोन दिवस घालवतात आणि दुसरा भाग "अनुभवाने येईल" म्हणून सोडून देतात.

कोड दर ऑलिंपिक चक्राला बदलतो, ही गोष्टही सुरुवातीलाच सांगून टाकावी. २०२५ पासून पुरुषांच्या रूटीनमध्ये मोजल्या जाणाऱ्या एलिमेंट्सची संख्या १० वरून ८ वर आली. जुन्या सवयीने दहा मोजत बसणारा अनुभवी परीक्षक इथे नवख्यापेक्षा जास्त धोक्याचा. त्यातून लहान वयोगटांसाठी बरेचदा वेगळं परिपत्रक असतं. स्पर्धेच्या सकाळी ते परिपत्रक हातात घेऊन दोघांनी मिळून मोठ्याने वाचायचं. ज्येष्ठांनीही वाचायचं.

नजर कशी तयार करायची

माझ्या मते प्रशिक्षणाचा गाभा इथे आहे, आणि इथे घाई करू नये.

पहिल्या काही संध्याकाळी नव्या परीक्षकाला गुण लिहू देऊ नका. त्याला क्लबच्या सरावाला न्या, परीक्षक जिथे बसतो तिथे बसवा आणि एका वेळी एकच गोष्ट बघायला सांगा. आज फक्त पावलं: पंजे ताणलेले आहेत की सैल. उद्या फक्त गुडघे. परवा फक्त लँडिंग: एक लहान पाऊल पडलं की मीटरभराहून मोठं, छाती किती खाली गेली. मग कोन. महिलांच्या अनइव्हन बारवरचा हॅण्डस्टँड उभ्या रेषेपासून १० अंशांच्या आत आहे की नाही, लीपमध्ये पाय १८० अंश उघडले की वीस अंश कमी पडले. अशी एकेक गोष्ट वेगळी बघितली की मग सगळं एकत्र बघताना डोळा गोंधळत नाही.

दुसरी सवय चिन्हांची. महिलांच्या विभागात प्रत्येक एलिमेंटसाठी कोडमध्ये खुणा आहेत. समरसॉल्ट, ट्विस्ट, लीप, टर्न हे सगळं दोन-चार रेघांत लिहिता येतं. या खुणा कागदाकडे न बघता लिहिता आल्या पाहिजेत. कॅनडातल्या संशोधिका डायान स्टे-मारी यांनी नवे आणि अनुभवी परीक्षक यांची तुलना केली, तेव्हा अनुभवी परीक्षक कागदाकडे कमी आणि जिम्नॅस्टकडे जास्त बघतात, असं दिसलं. नवा परीक्षक मान खाली घालून एक चिन्ह काढतो आणि तेवढ्यात पुढचं एलिमेंट होऊन गेलेलं असतं. म्हणून रोज घरी पाच-सात रूटीनचे व्हिडिओ लावून, नजर स्क्रीनवरून न हलवता चिन्हं लिहायची. सुरुवातीला ती एकमेकांवर चढतात, ओळ सोडून जातात. महिन्याभरात हाताला जागा कळायला लागते.

आता एक प्रसंग अगदी जवळून बघू, कारण शेजारी बसणं म्हणजे काय ते त्यातून कळेल. बारा वर्षांची मुलगी फ्लोअरवर कोपऱ्यातून धावते: राउंडऑफ, फ्लिक-फ्लॅक, लेआउट. उतरते, थोडी पुढे झुकते, एक छोटं पाऊल टाकते. नव्या परीक्षकाने शीटवर ०.३ लिहिलेले आहेत.

"०.३ कसे आले?" ज्येष्ठ परीक्षक विचारतात.

"लँडिंग गडबडलं ना, मॅडम."

"लँडिंगला काय काय झालं, ते सांग."

"पाऊल पडलं. आणि... वाकली ती."

"पावलाचे ०.१, छाती खाली गेली त्याचे ०.१. हे झाले ०.२. तिसरा दशांश कुठला?"

इथे उत्तर येत नाही. मग मोबाईलवरचा व्हिडिओ सावकाश लावायचा. फ्लिक-फ्लॅकमध्ये पाय सुटलेले दिसतात, ०.१०. लेआउटमध्ये गुडघे किंचित वाकलेले, ०.१०. वर गेल्यावर शरीर कमरेत जरासं मोडलेलं, ०.१०. लँडिंगचे ०.२ धरून एकूण ०.५. म्हणजे तिने ०.२ कमी कापले, हा एक भाग. पण त्याहून महत्त्वाचं हे की हवेतल्या तीन चुका तिला दिसल्याच नाहीत. लँडिंग शेवटी येतं, तिथे शरीर थांबतं, म्हणून नव्या डोळ्याला फक्त लँडिंग दिसतं. आणि काहीतरी राहिलंय असं वाटून तिने एक दशांश अंदाजाने टाकला. हा अंदाजाचा दशांश मोडून काढणं हे शिकवणाऱ्याचं सर्वांत मोठं काम आहे. कारणासकट लिहिलेला चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो. कारणाशिवाय लिहिलेला आकडा बरोबर आला तरी त्यातून काही शिकता येत नाही, आणि पुढच्या वेळी तो बरोबर येईल याचा भरवसा नसतो.

शिकवताना आणखी दोन सवयींवर लक्ष ठेवा. एक, पडझडीनंतर पेन थांबतं. मुलगी बीमवरून पडली की नवा परीक्षक १.०० लिहितो आणि त्याच एलिमेंटमधले वाकलेले गुडघे, सुटलेले पाय सोडून देतो. बिचारी आधीच पडली आहे, आता आणखी काय कापायचं, असं त्याला वाटतं. ही माया समजण्यासारखी आहे. पण तीच चूक न पडता करणाऱ्या मुलीचे गुण मात्र कापले जातात, म्हणजे अन्याय दुसरीवर होतो. दुसरी सवय माजी खेळाडूंची. ज्या चुकीसाठी आपल्यावर सर वर्षानुवर्षं ओरडले, ती चूक त्यांना सगळ्यांच्यात मोठी दिसते. कुणाला पंजे, कुणाला हात. त्यांच्या पाच-दहा शीट समोर मांडून बघितल्या की हे लगेच उघड होतं, आणि दाखवलं की ते स्वतःच सुधारतात.

सरावासाठी कुठले व्हिडिओ निवडता, यालाही महत्त्व आहे. आपण हौसेने ऑलिंपिक आणि विश्वस्पर्धेची रूटीन लावतो. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठात सँड्रो हाइनिगर आणि ह्यूग मर्सिए यांनी आंतरराष्ट्रीय परीक्षकांच्या गुणांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की उत्तम रूटीनवर परीक्षकांचं एकमत जास्त असतं आणि रूटीन जशी सामान्य होत जाते तशी गुणांमधली तफावत वाढते. नव्या परीक्षकाला जिल्ह्यात जी रूटीन बघायची आहेत ती ९.०० ची नसतात, ६.५० ते ८.०० च्या आसपासची असतात, चुकांनी भरलेली. तेव्हा सरावाचे व्हिडिओ आपल्याच क्लबमधल्या मुलांचे घ्या. पालकांची लेखी परवानगी घेऊन घ्या, ग्रुपवर फिरवू नका, काम झालं की पुसून टाका. मुलं अल्पवयीन आहेत, हे कायम ध्यानात असू द्या.

खुर्ची कुठे आहे

कोन बघण्याचं प्रशिक्षण एकाच खुर्चीवरून दिलं तर ते अपुरं पडतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेनिंग प्लेसनर यांनी एका सहकाऱ्यासोबत २००५ मध्ये रिंग्जवरच्या क्रॉसचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूच्या बरोबर समोरून बघितल्यास हातांचा कोन नीट कळतो, बाजूला सरकत गेलं की चुका वाढतात. आपल्या हॉलमध्ये जागा अपुरी असते. परीक्षकांचं टेबल बहुतेक वेळा भिंतीलगत, जिथे मावेल तिथे असतं. म्हणून सरावात नव्या परीक्षकाला मुद्दाम जागा बदलून बसवा. तीच मुलगी, तोच हॅण्डस्टँड: एकदा बारच्या समोरून बघू दे, एकदा तिरकं. कोणत्या जागेवरून कोन कमी भासतो आणि कोणत्या जागेवरून जास्त, हे एकदा अनुभवलं की स्पर्धेत तिरक्या खुर्चीवर बसतानाही तो सावध राहतो. टेबल हलवणं शक्य असेल तर स्पर्धा सुरू होण्याआधी मुख्य परीक्षकाला तसं सांगायचं धाडसही त्याला येतं.

नजरेइतकीच अपेक्षाही घात करते. प्लेसनर यांचाच १९९९ चा अभ्यास आहे. सांघिक स्पर्धेत प्रशिक्षक चांगल्या खेळाडूला शेवटी पाठवतात. हे माहीत असलेल्या परीक्षकांना तीच रूटीन पाचव्या क्रमांकावर दाखवली तेव्हा त्यांनी ती पहिल्या क्रमांकावर दाखवल्यापेक्षा जास्त गुण दिले. रूटीन एकच, क्रम वेगळा. आपल्याकडे हाच परिणाम क्लबच्या नावाने होतो. मोठ्या, नावाजलेल्या क्लबचा लिओटार्ड दिसला की गुण कापणारा हात नकळत आखडतो, आणि तालुक्याच्या शाळेतून पहिल्यांदा आलेल्या मुलीचं चांगलं लीपही नजरेतून सुटतं. यावर उपदेश चालत नाही. आपण निःपक्षपाती आहोत असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं. सरावातच करून दाखवा: तोच व्हिडिओ काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा लावा, एकदा "राज्य विजेती" म्हणून, एकदा काहीच न सांगता. दोन्ही शीट शेजारी ठेवल्या की सगळ्यांच्या लक्षात येतं. शिकवणाऱ्यानेही स्वतःची शीट त्यात ठेवावी.

शेजारी बसण्याची पद्धत

स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक साधनाजवळ एक जादा खुर्ची ठेवा. तिथे बसणाऱ्याचे गुण मोजले जात नाहीत, पण तो प्रत्येक रूटीनचे गुण लिहितो. गुण जाहीर होण्याआधी त्याची शीट घडी करून पाकिटात जाते. ही अट मोडू देऊ नका. जाहीर झालेला आकडा एकदा दिसला की मन आपला आकडा तिकडे ओढतं, आणि शीट निरुपयोगी होते. रोटेशन संपलं की पाकीट उघडायचं. सगळ्या शीटवर चर्चा करायला वेळ नसतो. ज्या दोन रूटीनमध्ये सर्वांत जास्त अंतर पडलं तेवढ्याच घ्या. अंतर ०.३ च्या आत असेल तर कारणं जुळतात का बघा. त्याहून जास्त असेल तर व्हिडिओ बघा. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त गोष्टी सुधारायला सांगू नका. दिवसभराच्या थकव्यात सात सूचना ऐकणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही.

जबाबदारीही पायरीपायरीने द्यावी. आधी रेषा आणि वेळ. बीमवरचे ९० सेकंद, पडल्यानंतर परत चढण्याचे १० सेकंद, फ्लोअरच्या १२ मीटरच्या चौकोनाची रेषा. ही कामं दुय्यम वाटतात, पण घड्याळ कधी चालू करायचं आणि झेंडा कधी वर करायचा यातून स्पर्धेची लय अंगात भिनते. मग ई पॅनेल, शेजारी जाणता परीक्षक असताना. डी पॅनेलमध्ये दुसरा परीक्षक म्हणून बसवायची वेळ बरीच नंतर येते, आणि तिथे एक शिस्त पहिल्यापासून लावावी लागते: दोघांनी आधी स्वतंत्रपणे लिहायचं, मग बोलायचं. नवखा आधी ज्येष्ठाकडे बघतो, ज्येष्ठ "डी ३.४ ना?" म्हणतो, नवखा मान डोलावतो. अशा वेळी पॅनेलवर दोन माणसं असून नजर एकाचीच असते.

हे किती महागात पडतं ते २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकने दाखवलं. कोरियाच्या यांग ते-यंगला पॅरलल बारवर १०.० ऐवजी ९.९ ची सुरुवातीची किंमत दिली गेली, कारण एक एलिमेंट दुसरंच समजलं गेलं. तो ऑल-अराउंडमध्ये तिसरा आला, सुवर्ण विजेत्या पॉल हॅमपेक्षा ०.०४९ ने मागे. तीन परीक्षक निलंबित झाले, प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं, निकाल मात्र बदलला नाही. त्यानंतर थोड्याच काळात, २००६ मध्ये, १०.० ची जुनी पद्धत जाऊन आजची डी आणि ई ची पद्धत आली. पॅरलल बारवरच्या एका एलिमेंटची ओळख चुकली, त्याचं हे झालं.

स्पर्धेचा दिवस

शालेय स्पर्धा सकाळी आठला सुरू होऊन संध्याकाळी लांबते. पहिल्या तासात काटेकोर असलेला परीक्षक दुपारनंतर सैल होतो किंवा उलट चिडून कडक होतो. जेवणानंतर बसताना सकाळच्या पहिल्या दोन शीट काढून परत वाचायला सांगा: सकाळी याच चुकीला काय कापलं होतं? नव्या परीक्षकाला सलग चार तास बसवू नका. ही सोय नाही, हा न्यायाचा भाग आहे. सकाळी आलेल्या मुलीला आणि संध्याकाळी आलेल्या मुलीला सारखीच ताजी नजर मिळाली पाहिजे.

प्रशिक्षक टेबलाकडे येतात तेव्हा बोलायचं काम मुख्य परीक्षकाचं. नव्या परीक्षकाने एक शब्दही बोलायचा नाही, आणि प्रशिक्षकांनाही हे आधीच्या बैठकीत सांगून ठेवायचं. ई च्या गुणांवर दाद मागता येत नाही, फक्त डी वर मागता येते, तीही ठरलेल्या वेळेत. वेळेचं भान किती काटेकोर लागतं, याला पॅरिस ऑलिंपिकहून मोठं उदाहरण नाही. ५ ऑगस्ट २०२४ च्या फ्लोअर अंतिम फेरीत जॉर्डन चाइल्सचे गुण दाद मागितल्यावर १३.६६६ वरून १३.७६६ झाले आणि ती तिसरी आली. पुढे क्रीडा लवादाने ठरवलं की मुदत एका मिनिटाची असताना दाद १ मिनिट ४ सेकंदांनी मागितली गेली, आणि कांस्यपदक रोमानियाच्या आना बर्बोसूकडे गेलं. आपल्या जिल्ह्यात दाद आली की ती घेणाऱ्याने वेळ घड्याळात बघून कागदावर लिहावी आणि सही करावी. नव्या परीक्षकाला हे काम मुद्दाम द्या. ते शिकायला सोपं आहे आणि पुढे कायम उपयोगी पडतं.

हितसंबंधांचा प्रश्न आपल्याकडे टळत नाही, कारण परीक्षक क्लबमधूनच येतात. कालपर्यंत जिथे ती खेळली त्याच क्लबच्या मुली आज तिच्यासमोर असतात, आणि तिचे जुने सर बाजूला उभे असतात. त्यांना "नाही" म्हणणं एकवीस वर्षांच्या मुलीला सोपं नसतं. ते ओझं तिच्यावर टाकू नका. साधनांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करा, शक्य तिथे तिला दुसऱ्या क्लबच्या गटावर बसवा, आणि नातं आधीच सगळ्यांसमोर सांगितलं जाईल अशी प्रथा पाडा. स्पर्धा सुरू असताना पालक आणि प्रशिक्षकांशी बोलायचं नाही, मोबाईल पिशवीत ठेवायचा. हे नियम ज्येष्ठांनी पाळले तरच नवे पाळतात.

आणि काही साध्या गोष्टी, ज्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. मानधन आणि प्रवासखर्च त्याच दिवशी द्या, रक्कम लहान असली तरी. बाहेरगावाहून आलेल्या मुलींची रात्री परत जायची किंवा राहायची व्यवस्था आधी ठरवा. सर्वांसमोर झापू नका. चूक झाली तर टेबलापासून दूर नेऊन सांगा. स्पर्धा संपल्यावर, दोन दिवसांनी, एक फोन करा. परीक्षा, अभ्यासक्रम, परिपत्रकं यांवर आपण भरपूर बोलतो, पण चांगल्या परीक्षकांना खेळापासून तोडतो तो बहुतेक वेळा एखाद्या संध्याकाळचा अपमान.

परीक्षणाला पुढे वाट आहे, हेही त्यांना कळू द्या. राज्य, राष्ट्रीय आणि मग आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे एफआयजीचे, चौथ्या ते पहिल्या श्रेणीपर्यंतचे ब्रेव्हे. दीपक काबरा हे टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं परीक्षण करणारे पहिले भारतीय ठरले. खेळाडू म्हणून ऑलिंपिकला न गेलेला माणूस परीक्षक म्हणून तिथे पोहोचू शकतो, हे गावोगावच्या माजी खेळाडूंना आज माहीत नाही.

आता कॅमेरे आणि संगणक परीक्षण करणार, मग माणसं कशाला घडवायची, असा प्रश्न मुलं विचारतात. फुजित्सूने एफआयजीसाठी तयार केलेली प्रणाली २०१९ मध्ये श्टुटगार्टच्या विश्वस्पर्धेत काही साधनांवर वापरली गेली आणि २०२३ मध्ये अँटवर्पला दहाही साधनांवर. ती परीक्षकांच्या मदतीला असते. आपल्या तालुक्याच्या शाळेच्या हॉलमध्ये ती येईपर्यंत, आणि आल्यावरही, तिचा आकडा तपासायला डोळे लागतीलच.

तेव्हा पुढच्या स्पर्धेचं परिपत्रक काढताना त्यात एक ओळ घाला: प्रत्येक साधनाजवळ एक प्रशिक्षणार्थी परीक्षक, आणि त्याची जबाबदारी कुणाकडे, त्या व्यक्तीचं नाव. नाव लिहिल्याशिवाय हे काम होत नाही. त्या दिवसाच्या शीट फेकू नका. प्रत्येक नव्या परीक्षकाची एक फाइल करा, तारीख आणि साधन घालून. हंगाम संपल्यावर पहिल्या स्पर्धेची आणि शेवटच्या स्पर्धेची शीट त्याच्यासमोर ठेवा, आणि पहिल्या शीटवरचे कोणते कट आज तो वेगळे लिहील, ते त्यालाच विचारा.